कुमार वाचक आणि लोकप्रिय कादंबऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावातील ग्रंथालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तेरा ते अठरा वर्षांची मुले-मुली एखाद्या लोकप्रिय कादंबरीवर बोलण्यासाठी जमतात. नव्याने येणारे वाचक आणि त्यांचे पालक बहुधा तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरांत जागोजागी बैठकींतले प्रसंग आले आहेत, कारण नुसता नियम सांगितला की या वयाची मुले लगेच 'पण का?' असे विचारतात, आणि त्या 'का'चे उत्तर बहुतेक वेळा एखाद्या प्रसंगातच असते.

मत मांडण्यासाठी कादंबरी पूर्ण वाचलेली असावी लागते का?

नाही. मात्र आपण किती वाचली आहे हे बोलायला सुरुवात करतानाच सांगावे लागते. अर्धी सोडलेली कादंबरी कुठे सोडली आणि त्या जागी नेमके काय झाले, हे प्रामाणिकपणे सांगणारा वाचक आम्हांला हवाच असतो. सारांश वाचून आलेला वाचक मात्र पहिल्या पाच मिनिटांतच ओळखू येतो. काय घडले ते त्याला सगळे ठाऊक असते. लेखक कुठे रेंगाळला आहे, कुठे घाईने पुढे गेला आहे आणि कोणती गोष्ट त्याने मुद्दाम सांगायची टाळली आहे, हे त्याला ठाऊक नसते. सारांशाला आमची बंदी नाही, पण त्याच्या आधारावर बैठकीत बोलू नये, एवढी अपेक्षा आहे.

'भारी आहे' किंवा 'बोअर आहे' यापलीकडे काही सुचत नाही. काय करावे?

तेथूनच सुरुवात करावी आणि पाठोपाठ स्वतःला एकच प्रश्न विचारावा : कुठे? कोणत्या पानावर भारी वाटली, कोणत्या प्रसंगापाशी कंटाळा आला? बैठकीत बोलणाऱ्याच्या हातात पुस्तक असावे आणि ते त्या पानावर उघडावे, हा आमचा जवळजवळ एकमेव नियम आहे. पान उघडले की 'आवडले-नावडले' आपोआप मागे पडते आणि बोलणे त्या ओळींवर येते.

एक उदाहरण देतो. 'श्यामची आई' हे पुस्तक साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला कादंबरी म्हणावे की आठवणी, हा वाद बाजूला ठेवून आम्ही ते चर्चेला घेतले, तेव्हा आठवीतला एक मुलगा आधी म्हणाला, "रडकं आहे." कुठे, असे विचारल्यावर त्याने बराच वेळ पाने चाळून 'अळणी भाजी' हा प्रसंग काढला. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, त्यांच्याकडे पाहून मुलेही गप्प राहतात, आणि आई शेवटी स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. रांधणारीचे मन दुखवू नये, हा या प्रसंगाचा धडा आपण सर्वांनी शाळेत ऐकलेला असतो. त्या मुलाचे म्हणणे वेगळेच निघाले : "सगळ्यांना कळलं होतं आणि तिलाच सांगितलं नाही, म्हणून तिला जास्त वाईट वाटलं. पहिल्या घासाला सांगितलं असतं तर तिनं मीठ वाढलं असतं आणि विषय संपला असता." यावर एक मुलगी म्हणाली की त्यांच्या घरीही आई सर्वांत शेवटी जेवते, आणि ती शेवटी जेवते म्हणूनच तिला शेवटी कळते, हे आपल्या लक्षात आले नव्हते. पंधरा मिनिटांपूर्वी 'रडकं' एवढ्याच शब्दात उरकलेल्या पुस्तकावर मग अर्धा तास बोलणे झाले.

मुली आणि मुले एकच कादंबरी वेगवेगळी वाचतात का?

असा सरसकट नियम काढणे धोक्याचे आहे, पण मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या कादंबरीवरील आमच्या बैठकीचा अनुभव सांगण्यासारखा आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आणीबाणीच्या काळात नववीत शिकणाऱ्या मुकुंद जोशी या मुलाने आपल्या तोंडून सांगितली आहे. त्याचे मित्र, त्यांचा अड्डा, वर्गातले शिक्षक आणि त्याला आवडणारी शिरोडकर हे त्याचे जग आहे. आमच्या मुलांना ती भाषेमुळेच आपली वाटते. जोश्याचे 'इचिभना' हे शिवीवजा पालुपद त्यांनी आठवडाभर एकमेकांना ऐकवले, आणि काहींनी ते घरीही ऐकवल्यामुळे दोन पालकांचे फोन मला आले.

बैठकीत मुले जोश्याच्या बाजूने भरभरून बोलली. तो घाबरतो, मनात शंभर वेळा ठरवतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही, हे त्यांना नेमके पकडलेले वाटले. मुली बराच वेळ ऐकत होत्या. मग दहावीतली एक मुलगी वहीतून एक पान वाचू लागली. जोशी शिरोडकरच्या मागून चालतो असा एक प्रसंग तिने शिरोडकरच्या बाजूने लिहून आणला होता : मागे चपलांचा आवाज येतो आहे, वळून पाहिले तर त्याचा अर्थ काढला जाईल, भरभर चालले तरी काढला जाईल, सोबतच्या मैत्रिणीला सांगावे तर ती उद्या वर्गभर करील. जेमतेम बारा-पंधरा ओळी होत्या. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "पुस्तकात तिला काय वाटतं ते जोश्या सांगतो तेवढंच कळतं. आमच्या वर्गातही मुलं आम्हांला आडनावानेच हाक मारतात."

एक मुलगा थोडा दुखावून म्हणाला की जोशी काही वाईट मुलगा नाही. तसे कोणी म्हटलेच नव्हते. चर्चेला खरी धार आली ती पुढच्या प्रश्नाने : शिरोडकरचे मन न दिसणे ही लेखकाची उणीव आहे, की नववीतल्या मुलाच्या डोळ्यांनी जग दाखवायचे ठरवल्यावर ते असेच अर्धवट दिसणार, हे लेखकाने जाणूनच केले आहे? सांगणारा आणि लिहिणारा हे दोघे निराळे असतात, ही गोष्ट मी त्यांना व्याख्यान देऊन समजावली असती तर अर्ध्यांनी जांभया दिल्या असत्या. त्या दिवशी ती त्यांनी आपापसांत भांडून शोधली. माझे स्वतःचे मत लेखकाच्या बाजूचे आहे, पण त्या मुलीचे पान मी अजून जपून ठेवले आहे.

'मृत्युंजय' वाचल्यावर कर्णच महाभारताचा नायक वाटतो. हे मत चुकीचे आहे का?

चुकीचे नाही; ते कादंबरीने घडवलेले मत आहे, आणि ते तसे आहे हे ओळखता आले पाहिजे. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही चौदा-पंधरा वर्षांचा वाचक तिच्यात बुडून जातो. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची पत्नी वृषाली, त्याचा भाऊ शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण तीत आळीपाळीने बोलतात. सहांचाही रोख कर्णाकडे असल्यामुळे वाचकाला दुसरीकडे पाहायला उसंत मिळत नाही.

योगायोग असा, की त्याच १९६७ मध्ये इरावती कर्वे यांचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले. महाभारतातील व्यक्तींवरील त्या लेखांत त्या कर्णाकडे बऱ्याच कठोरपणे पाहतात. आम्ही कर्णावरची बैठक घेतो तेव्हा दोन्ही पुस्तके टेबलावर ठेवतो. मग द्यूतसभेचा प्रसंग काढतो. मूळ महाभारतात द्रौपदीची वस्त्रे काढून घेण्यास कर्ण दुःशासनाला सांगतो. कादंबरी हा प्रसंग कर्णाच्या मनाच्या आतून कशी सांगते, ते पान मोठ्याने वाचतो. एरवी 'दानवीर, दानवीर' म्हणणारी मुले येथे गप्प होतात. काही जणांना त्या पानाचा राग येतो, काही जण तरीही कर्णाची बाजू सोडत नाहीत. दोन्ही मते आम्ही तशीच राहू देतो.

याच बैठकीत अकरावीतल्या एकाने काढलेला मुद्दा मला स्वतःला कधी सुचला नव्हता. त्याचे म्हणणे होते की सहा जण बोलतात खरे, पण सगळे एकाच सुरात, एकाच थाटाच्या उपमा देत बोलतात. पानाच्या वरचे नाव झाकले तर शोण बोलतो आहे की कुंती, हे चटकन ओळखता येत नाही. आम्ही लगेच नावे झाकून परिच्छेद वाचून पाहिले. नातेसंबंधांचे उल्लेख वगळल्यावर दहांपैकी चार वेळा सगळेच चुकले. 'मृत्युंजय' आवडणारा मुलगाच तिची ही बाजू दाखवत होता, हे विशेष.

चित्रपट पाहिला आहे, कादंबरी वाचलेली नाही. बैठकीला आले तर चालेल का?

या, पण बोलताना 'चित्रपटात' हा शब्द गाळू नका. हा प्रश्न फेब्रुवारी २०२५ नंतर फार वाढला. 'छावा' हा हिंदी चित्रपट शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. तो प्रदर्शित झाल्यावर आमच्याकडील दोन्ही प्रती काही महिने कपाटात दिसल्याच नाहीत. एवढी जाड कादंबरी मुले मागून नेतात याचा आनंदच होता. त्यातली निम्मी मुले ती पन्नास पानांत परत आणून देऊ लागली तेव्हा कारण विचारले. उत्तर साधारण एकच होते : चित्रपट जेथे सुरू होतो तेथे पोचायलाच फार वेळ लागतो. हे सुद्धा चांगले निरीक्षण आहे. पडद्यावर अडीच-पावणेतीन तासांत माणूस उभा करायचा असतो. कादंबरीकार त्याच्या बालपणापासून निघू शकतो. कोणाला काय पटते, हा पुढचा भाग.

सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'चेही तसेच आहे. कादंबरी १९८२ ची, चित्रपट २०१३ चा. चित्रपट पाहून कादंबरीकडे आलेली मुले गाणी आणि हशे शोधत येतात आणि कादंबरीतील उदासी पाहून चकित होतात. इतिहासावरील कादंबरी असेल तर आणखी एक पथ्य पाळावे लागते : 'संभाजी महाराज असे म्हणाले' असे न म्हणता 'कादंबरीतले संभाजी महाराज असे म्हणतात' असे म्हणावे. कादंबरीतील संवाद लेखकाने रचलेले असतात. हे विसरले गेल्यामुळे मोठी माणसेही व्हॉट्सॲपवर कशी भांडतात, ते आपण पाहतोच.

सगळे ज्या कादंबरीला थोर म्हणतात ती मला आवडली नाही. तसे सांगू का?

अवश्य सांगावे. 'कोसला'वर हा प्रसंग दर वेळी येतो. भालचंद्र नेमाडे यांची ही पहिली कादंबरी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ते पंचविशीत होते. खानदेशातल्या सांगवीहून पुण्यात शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरची ही कहाणी बारावीतल्या मुलांना आपल्याच पुढच्या वर्षाची वाटेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेकांनी 'काही घडतच नाही' अशी तक्रार केली. एका मुलीने मात्र सांगितले की काही घडत नाही असे म्हणत म्हणत ती पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपर्यंत आली आणि पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुढे वाचले, पण तो कंटाळवाणेपणा आता तिला वेगळा वाटू लागला होता.

न आवडल्याचे सांगताना एकच काळजी घ्यावी. 'मला कळली नाही' आणि 'मला पटली नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. आपले वाक्य कोणते, ते ठरवूनच बोलावे. पहिल्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि दुसऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही.

शेवट सांगायचा की नाही?

बैठकीच्या पहिल्या अर्ध्या तासात सांगायचा नाही. त्यानंतर पुस्तक न संपवलेल्यांना बाहेर चहा-बिस्किटांपाशी जाण्याची मुभा असते. आजवर कोणी गेलेले नाही.

माझे बहुतेक वाचन इंग्रजीत आहे. इंग्रजी कादंबरीवर मराठीत बोलता येईल का?

येईल. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण इंग्रजी माध्यमाचे आहेत आणि हॅरी पॉटरपासून सुरुवात केलेले आहेत. ती कादंबरी मराठीतही आली आहे. मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून एक पान वाचले तर बोलण्यासारखे पुष्कळ सापडते, विशेषतः थट्टा आणि शिव्या मराठीत कशा उतरल्या आहेत ते. शब्द अडला तर तो इंग्रजीच वापरावा. वाक्य मात्र मराठीत पुरे करावे, एवढाच आग्रह आहे. मराठी वाचनाचा वेग कमी असेल तर आधी कादंबरी ऐकावी, मग वाचावी. स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी कादंबऱ्या ऐकता येतात. ऐकलेल्या पुस्तकाचे पान दाखवता येत नाही ही अडचण खरी आहे; म्हणून आवडलेली जागा छापील प्रतीत शोधून यावी.

आमची मुलगी चौदा वर्षांची आहे. कोणत्या कादंबऱ्या तिला देऊ नयेत? (पालकांचा प्रश्न)

अशी यादी आम्ही करत नाही. या वयात ज्या पुस्तकाला घरात मनाई होते, ते पुस्तक शाळेच्या दप्तरातून फिरू लागते, हा तुमच्या-आमच्या पिढीचाही अनुभव असावा. तरीही प्रत्येक पुस्तक प्रत्येक वयाला सारखेच बोलते असे नाही. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ मध्ये आली आणि तिच्यासाठी १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या निवेदनांतून उलगडणारी ही कामवासनेची आणि तिच्या किमतीची कथा आहे. आम्ही ती सोळाच्या पुढच्या मुलांबरोबर वाचतो. त्याआधी ती वाचली तर मुले बिघडतात असे मुळीच नाही. ती फक्त देवयानीवर चिडतात आणि पुढे जातात. सोळा-सतराव्या वर्षी तीच मुले शर्मिष्ठेविषयी बोलू लागतात, असे आमचे निरीक्षण आहे.

पालकांनी किंवा शिक्षकांनी बैठकीत बसावे का?

बसावे, पण मागच्या रांगेत आणि न बोलता. एकदा एका गृहस्थांनी मुलाचे वाक्य मध्येच तोडून 'त्याला असे म्हणायचे आहे की' अशी सुरुवात केली. त्यानंतर तो मुलगा त्या दिवशी एक शब्दही बोलला नाही. मुलांच्या मतात माहितीची चूक असेल, म्हणजे सन, नाव, पात्राचे नाते, तर ती मी शेवटी सांगतो. मतातली 'चूक' दुरुस्त करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

लिहून मत द्यायचे असेल तर किती लिहावे? पुस्तकातील उतारा देता येतो का?

वहीचे एक पान पुरे. कथानक चार ओळींहून अधिक सांगू नये, कारण ज्याने वाचली आहे त्याला ते नको असते आणि ज्याने वाचलेली नाही त्याची गंमत जाते. पाचपैकी तारे देण्याची पद्धत आम्ही बंद केली आहे; तारे दिले की मुलांना कारण द्यावेसे वाटत नाही.

परीक्षणासाठी लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव देऊन मोजका उतारा घेण्यास १९५७ चा कॉपीराइट कायदा मुभा देतो. सबंध पुस्तकाची पीडीएफ किंवा पानापानांचे फोटो मित्रांना पाठवणे मात्र त्यात बसत नाही. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे 'श्यामची आई' आता कोणीही छापू किंवा वाटू शकतो; खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणून 'ययाति'ला २०३६ अखेरपर्यंत ते संरक्षण आहे. पीडीएफ मागण्याआधी ग्रंथालयातील प्रतीसाठी नाव नोंदवावे. आठ-पंधरा दिवसांत नंबर लागतो.

माझे मत नंतर बदलले तर आधीचे पान परत घ्यावे का?

परत देत नाही, पण त्याच पानाच्या मागच्या बाजूला नवे मत तारीख घालून लिहिता येते. आठवीत 'मृत्युंजय'वर 'जगातील सर्वश्रेष्ठ कादंबरी' असे लाल शाईत लिहिणाऱ्या एका मुलाने अकरावीत पान उलटून लिहिले : 'भाषण खूप आहे. पण शेवटी परत रडलो.'

पुढच्या बैठकीला काय वाचून यावे?

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आलेली ही छोटेखानी कादंबरी आहे. दोन-तीन संध्याकाळी पुरतात. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शिकवायला गेलेला तरुण मास्तर ती सांगतो, आणि आपल्या गटातले बरेच जण त्याच्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान आहेत, हे ध्यानात ठेवून वाचावे. ज्या पानावर थांबलात त्यात कागदाची खूण घालून आणावी; पान दुमडू नये, प्रत ग्रंथालयाची आहे.